ताई, चारचौघांत पाजलं तर चालतं ना?

मागच्या अंकात एका मैत्रिणीने एकाच ओळीत विचारलं होतं, बाहेर गेल्यावर बाळाला अंगावर पाजायचं की नाही? मीही तीन-चार ओळींत उत्तर दिलं की पाजायचं, भूक लागेल तेव्हा आणि लागेल तिथे. त्यानंतर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप इतके आले की यावेळचा सगळा कॉलम याच विषयाला द्यायचं ठरवलं. बहुतेक जणींनी नाव छापू नका म्हणून लिहिलंय त्यामुळे कुणाचंच नाव छापत नाहीये. मी २२ वर्षं बाळंतिणींबरोबर काम करतेय आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, फक्त हळू आवाजात, दार लोटून.

प्रश्न : ताई, मी पुण्याची, मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. नणंदेच्या लग्नाच्या खरेदीला एका मॉलमध्ये गेलो होतो. ती घरून पिऊनच निघाली होती पण तासाभरात रडायला लागली म्हणून मी एका कोपऱ्यातल्या बाकावर बसून ओढणी घेऊन पाजायला घेतलं. पाच मिनिटांत सिक्युरिटीच्या बाई आल्या, म्हणाल्या मॅडम इथे नाही, वॉशरूममध्ये जा, कस्टमर बघतात. मला काही बोलताच आलं नाही. टॉयलेटमध्ये कमोडचं झाकण लावून त्यावर बसून पाजलं, बाहेरून लोक दार वाजवत होते. ती नीट प्यायली नाही आणि मी पण रडले. मिस्टर म्हणाले जाऊ दे, आता सहा महिने तिला बाहेर काढूच नको. माझं चुकलं का? असं बसून पाजायला कायद्याने बंदी आहे का?

नाही गं, तुझं काहीही चुकलं नाही. आणि बंदी तर अजिबात नाही. आपल्या देशात बाळाला उघड्यावर पाजणं हा गुन्हा आहे असं म्हणणारा एकही कायदा नाही. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती नागरत्ना आणि आपले न्यायमूर्ती प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने, स्पष्ट सांगितलंय की सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या ठिकाणी बाळाला पाजणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही आणि त्याला कुणी नावं ठेवता कामा नयेत. राज्य सरकारांनाही सांगितलं की ज्या सार्वजनिक इमारती आहेत तिथे शक्य तितक्या सोयी करा आणि ज्या नव्याने बांधताय तिथे पाजण्यासाठी, बाळाला सांभाळण्यासाठी जागा आधीपासूनच धरा. त्याच्याही आधी २०२१ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने म्हटलंय की बाळाला पाजणं हा आईचा कुणी काढून घेऊ शकत नाही असा हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा जो हक्क आहे ना, त्यातलाच. आणि यात बाळाचाही हक्क आला. तेव्हा तू त्या बाकावर बसलीस ते कुणाच्या मेहरबानीने नाही बसलीस.

आता ती नीट का प्यायली नाही ते सांगते, कारण घरी जाऊन तू नक्की विचार केला असशील की माझं दूध आटलं की काय. आटलं नाही. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि त्याने पान्हा फुटतो. बाळाचा नुसता आवाज ऐकून, वास येऊन सुद्धा फुटतो, हे प्रत्येक आईला माहितीय. पण आई घाबरलेली असली, अवघडलेली असली, कुणी दार वाजवत असलं तर ते हार्मोन तेवढ्यापुरतं अडतं. म्हणजे दूध छातीत आहे पण खाली उतरत नाही, बाळ ओढून ओढून चिडतं, आई आणखी घाबरते, आणि चक्र सुरू. त्या दिवशी तुम्हा दोघींचं तेच झालं. घरी येऊन पाठ टेकून बसल्यावर प्यायली असेल ना पोटभर?

आणि टॉयलेट. मला या गोष्टीचा खरंच संताप येतो. आपण स्वतः डबा उघडून तिथे बसून जेवू का? तिथे ना हात धुऊन बसता येत, ना पाठ टेकता येत, कडीला हात लावायचा आणि त्याच हाताने बाळाचं तोंड धरायचं. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर भांडायची गरज नाही, आवाज चढवायची पण नाही, फक्त उठू नकोस. म्हणायचं, "मी बाळाला पाजतेय, दहा मिनिटं लागतील. फीडिंग रूम असेल तर दाखवा, नसेल तर मी इथेच बसते." बस. ती सिक्युरिटीची बाई तिला वरून सांगितलेलं बोलत होती, कदाचित तिचंही लेकरू घरी असेल, तिच्यावर राग काढू नकोस, पण मॉलच्या मॅनेजरला मेल जरूर कर की तुमच्याकडे सोय काय आहे आणि स्टाफला काय सांगून ठेवलंय. मी अशा दोन-तीन जणींना मेल करायला लावलंय, उत्तरं आलीत, एका ठिकाणी खोलीही झाली.

मिस्टरांना हे वाचायला दे. दादा, तिला घरात बसवणं हा उपाय नाही हो. बाळंतपणानंतर चार भिंतींत अडकलेल्या मुली किती उदास होतात ते मी रोज बघते. तुम्ही तिच्या शेजारी बसा. कुणी बोलायला आलं की तुम्ही उत्तर द्या, तिला देऊ देऊ नका. निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातली. मुलगा चार महिन्यांचा. लग्नसराई आहे, सारखं बाहेर जावं लागतं, सासूबाई म्हणतात कार्यालयात सगळ्यांसमोर पाजायचं नाही, दृष्ट लागते, त्यापेक्षा बाटलीत पावडरचं दूध घेऊन चल, आणि ऊन आहे तर थोडं पाणी पण पाज. एखाद्या दिवशी वरचं दिलं तर काय होतं?

सासूबाईंवर चिडू नकोस, त्यांना नातवाची काळजीच आहे. पण पाण्याचं आधी सांगते कारण एप्रिल-मे महिन्यात यावरून घराघरांत वाद होतात. आईच्या दुधात साधारण ८७-८८ टक्के पाणीच असतं. सुरुवातीचं दूध तर आणखी पातळ, तहान भागवणारं. तुमच्याकडे जालन्याला ४२ डिग्री असलं तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही, फक्त जास्त वेळा पाजावं लागतं. पाणी तू पी, भरपूर पी. बाळाच्या एवढ्याशा पोटात पाणी भरलं की तेवढं दूध कमी जातं आणि पाणी कुठल्या जारमधलं कोण जाणे, जुलाब सुरू झाले की मग उन्हापेक्षा मोठं संकट.

बाटलीचं पण तेच. पावडर कालवायला पाणी उकळलेलं आणि निदान ७० डिग्री तरी गरम असावं लागतं, मग ते निववायचं, बाटली-बूच उकळून घेतलेलं हवं. मंगल कार्यालयात हे कोण करणार आणि कुठे करणार? तुझं दूध मात्र तयार आहे, योग्य तापमानाचं आहे, भांडं घासायचं नाही. आणि त्यात नुसतं पोषण नाहीये. तू ज्या घरात राहतेस, ज्या गर्दीत जातेस तिथल्या जंतूंशी लढायला तुझं शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं ती दुधातून बाळाच्या आतड्यापर्यंत पोचतात, जुलाब, न्यूमोनिया, कान फुटणं हे सगळं म्हणून कमी होतं. म्हणजे पाचशे माणसांच्या लग्नात बाळाला नेताना त्याला अंगावरच्या दुधाची जास्त गरज आहे, कमी नाही.

एखाद्या दिवशी काय होतं विचारतेस, तर एका बाटलीने आभाळ कोसळत नाही. पण दूध हे मागणी तसा पुरवठा असं असतं. बाळ जितकं ओढेल तितकं तयार होतं. तू चार तास कार्यालयात बसलीस आणि पाजलं नाहीस तर छाती दगडासारखी होते, दुखते, गाठी होतात, कधी कधी थंडी वाजून ताप भरतो. आणि एका लग्नाचं दुसरं लग्न होतं, मग वास्तुशांत, मग डोहाळजेवण, महिन्याभरात शरीराला वाटतं इतकं दूध लागत नाही बहुतेक. मग घरात चर्चा, हिला दूधच कमी. असं कमी झालेलं दूध मी खूप बघितलंय. त्यात बाटलीचं बूच चोखायला सोपं असतं, काही बाळं मग अंगावर घ्यायला कंटाळतात.

आता तुझा फायदा, कारण बाळाचा सगळे सांगतात आणि आईचा कुणी सांगत नाही. पाजताना सुटणाऱ्या त्याच ऑक्सिटोसिनने गर्भाशय आवळतं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कमी होतो, पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा येतात ना त्या त्याच्याच. पुढे जाऊन स्तनाचा आणि बीजकोशाचा कॅन्सर, डायबेटिस यांचा धोका कमी होतो. २००२ मध्ये ३० देशांतला अभ्यास एकत्र करून बघितला तेव्हा दिसलं की दर १२ महिने पाजण्यामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ४.३ टक्क्यांनी उतरतो. २०१६ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये हिशोब मांडला होता की जगात सगळीकडे नीट स्तनपान झालं तर वर्षाला ८ लाख २३ हजार बालमृत्यू आणि स्तनाच्या कॅन्सरने होणारे २० हजार आयांचे मृत्यू टळतील. हे आकडे मी सासूबाईंना पण सांगते आणि त्या ऐकतात, खरंच ऐकतात, नीट सांगितलं तर.

पावडरच्या डब्यांची, दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, का असेल सांग? आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली, कारण कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी दुसऱ्या आईचं दूध सुद्धा पावडरपेक्षा बरं. इतकं मोलाचं दूध आहे ते. एक गोष्ट मात्र त्यात कमी असते, व्हिटॅमिन डी, त्याचे थेंब डॉक्टर देतात ते रोज द्यायचे, ४०० युनिट. ते बंद करू नकोस.

आणि दृष्टीचं म्हणशील तर घरी आल्यावर मीठ-मोहरी ओवाळा की, सासूबाईंनाच ओवाळू दे, त्यांनाही बरं वाटेल. फक्त त्याला भुकेलं ठेवू नका. (ज्यांना काही आजारामुळे, औषधांमुळे पाजताच येत नाही किंवा सगळं करून दूध पुरत नाही त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी वरचं दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने आहेच आणि तुम्ही तितक्याच चांगल्या आया आहात.)

प्रश्न : मला पाजायचं असतं पण जमत नाही. पाच महिन्यांची मुलगी ओढणी ओढून फेकते, मला घाम फुटतो, सगळे बघतायत असं वाटतं. डोंबिवलीहून माहेरी रत्नागिरीला एसटीने जायचंय, सात-आठ तास. काही युक्ती सांगा ना.

ओढणी फेकते कारण आत उकडतं आणि पाच महिन्यांच्या मुलीला जग बघायचं असतं. झाकायलाच हवं असा काही नियम नाही. तुला झाकून बरं वाटत असेल तर झाक, पण डोक्यावरून तंबू करण्यापेक्षा दोन थरांचे कपडे घाल, आतली बनियन किंवा स्लिप खाली ओढायची आणि वरचा कुर्ता वर करायचा, पोट पण झाकलेलं राहतं आणि वरून बाळाचं डोकंच येतं, काही दिसत नाही. पुढून चेन असलेल्या फीडिंग कुर्त्या आता गल्लीतल्या दुकानातही मिळतात. घरी आरशासमोर बसून दोन-चार वेळा पाजून बघ, तुला वाटतंय तेवढं दिसतच नाही हे कळेल आणि अर्धा घाम तिथेच जाईल.

दुसरं म्हणजे ती रडेपर्यंत थांबू नकोस. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी मान इकडेतिकडे वळवते, मूठ तोंडात घालते, जीभ बाहेर काढते, तेव्हाच घेतलं तर शांत घेते. रडायला लागली की सगळी गाडी वळून बघते आणि आधी गप्प करायला दहा मिनिटं जातात. खिडकीची सीट घे, पाठ थोडी मधल्या वाटेकडच्या सीटकडे कर, मांडीवर पिशवी किंवा उशी ठेव म्हणजे खांदे दुखणार नाहीत, आणि घाटात उभी राहू नकोस बाई, बसूनच. गाडी जिथे जेवायला थांबते तिथे एक फीड उरकून घे. मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, बंद दिसला तर कंट्रोलरकडे चावी माग, लाजू नकोस. माहेरी पोचलीस की कळव.

प्रश्न : मी पुरुष आहे, विचारू की नको वाटत होतं. पॅसेंजरमध्ये समोरच्या सीटवरच्या ताई बाळाला पाजायला लागल्या. मला कळेना काय करावं, मी उठून दारात जाऊन उभा राहिलो. बायको म्हणाली त्यामुळे तिला उलट वाईट वाटलं असेल. काय बरोबर?

विचारलंत ते फार बरं केलंत. तुमचा हेतू चांगला होता, पण वहिनींचं बरोबर आहे. तिला वाटलं असणार की माझ्यामुळे हा माणूस उठून गेला. समोर कुणी भाकरी खात असेल तर आपण काय करतो? आपलं चाललेलं काम करतो. पेपर वाचत असाल तर वाचा, खिडकीबाहेर बघत असाल तर बघा, तिच्या नवऱ्याशी गप्पा चालल्या असतील तर चालू ठेवा. पाणी हवंय का विचारा, पाजताना घशाला अशी कोरड पडते की काय सांगू, आणि हात अडकलेले असतात त्यामुळे बाटली वरच्या रॅकवर असली की ती नुसती बघत बसते. आणि डब्यात कुणी टक लावून बघत असेल, मोबाइल वर करत असेल, तर तिथे मात्र गप्प बसू नका. तुमच्यासारख्या माणसाने एकदा "ओ भाऊ, मोबाइल खाली" म्हटलं की पुरतं. नाहीच ऐकलं तर रेल्वेत १३९, बाहेर ११२.

प्रश्न : मी एडिंबराला असते, मूल सात महिन्यांचं. इथे कॅफेत सगळ्या पाजतात पण मला आपल्या लोकांच्या गणपतीत जास्त लाज वाटते.

तुझं वाक्य वाचून दोन मिनिटं थांबले. स्कॉटलंडमध्ये तर २००५ चा कायदाच आहे, दोन वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक ठिकाणी पाजताना कुणी अडवलं तर अडवणाऱ्याचा गुन्हा. त्यामुळे कायद्याची भीती तुला नाही, ओळखीच्या नजरांची आहे. ती कुठल्याही कायद्याने जात नाही, एकीने सुरुवात केली की जाते. यंदा आरतीनंतर तू सतरंजीवर बसून घे पाजायला, शेजारी आणखी एखादी लेकुरवाळी मैत्रीण बसव. पुढच्या वर्षी तिघी असाल.

प्रश्न : मी कोल्हापूरला एका ऑफिसात आहे. २६ आठवड्यांची रजा संपतेय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. मुलगा फक्त अंगावर आहे. ऑफिसात मध्ये पाजायला किंवा दूध काढायला वेळ मागितला तर सर हसतील असं वाटतं. असा काही नियम आहे का? आणि काढलेलं दूध टिकतं किती?

नियम आहे आणि जुना आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला रोजच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय आणखी दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी द्यायची असं लिहिलंय, आणि आता जी नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आलीय त्यातही ते कायम ठेवलंय. माणसं ५० किंवा जास्त असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा. २०१७ मध्ये रजा २६ आठवडे झाली तेव्हा हे पाळणाघराचं आलं. सर हसतील असं तू धरूनच चाललीयस, आधी मागून तर बघ. तोंडी नको, चार ओळींचा अर्ज कर, अमुक वेळ, अमुक खोली, एवढ्या मिनिटांसाठी. बाळ जवळ असेल, आजी आणून देत असेल तर पाजणंच सगळ्यात उत्तम. नाहीतर पंप किंवा हाताने काढायचं, हाताने काढणं शिकून घे, दहा मिनिटांत जमतं आणि पैसे लागत नाहीत.

हात साबणाने धुऊन, उकळून वाळवलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या भांड्यात काढायचं. २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत चार तास धर, आपल्याकडचं ऊन बघता त्याहून जास्त ताणू नकोस, ऑफिसात फ्रिज असेल तर त्यात ठेव, दारात नाही, आत मागच्या बाजूला, तिथे चार दिवस चालतं. घरी न्यायला बर्फाच्या पॅकची पिशवी. भांड्यावर तारीख-वेळ लिही. पाजताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवायचं. वर साय जमून वेगळं झालेलं दिसेल, ते नासलं नाही, फक्त हळूच हलवायचं. आणि वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको, आज्जींना ते आपोआप येतं. सहा महिने झालेत तर आता पेज, भाताची पिठी, वरण-भात कुस्करून सुरू होईलच, त्यामुळे दिवसभराचा भार थोडा हलका होईल. सकाळी निघताना, आल्या आल्या आणि रात्री मात्र अंगावरच, रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नकोस. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येतं, घाई काही नाही.

प्रश्न : बाई, मी सातारा जिल्ह्यातली, वय ७३. आम्ही पाच पोरं वाढवली, बांधावर बसून, बाजारात बसून, वारीत चालता चालता पाजली. कुणी कधी काय बोललं नाही. नाहीतर आताच्या पोरींना खोली लागते, पडदा लागतो. माझी नातसून पाव्हणे आले की भुकेल्या लेकराला घेऊन आत पळते नि दार लावते. लाज कुठून आली एवढी? आमच्या गाठीच्या चोळीत एका हातानं गाठ सोडली की काम व्हायचं.

आजी, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. लोकांना वाटतं उघड्यावर पाजणं हे बाहेरून आलेलं फॅड आहे, आणि तुम्ही सांगताय की ते तर आपलंच होतं, फक्त आपण विसरलो. आजही ऊसतोडीच्या फडात, आठवडी बाजारात, लोकलच्या लेडीज डब्यात बायका पाजतातच, त्यांना कुणी खोली दिली नाही आणि त्यांचं काही अडलं नाही. अडतं ते तुमच्या नातसुनेसारख्यांचं, शिकलेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, ज्यांच्याभोवती पाच बायकांचा गराडा नसतो. आणि चोळीचं तुम्ही जे लिहिलंत ते तर माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं! पुढे गाठ असलेली चोळी जाऊन पाठीमागे हुक असलेले ब्लाउज आले, वन-पीस आले, की पाजायचं म्हणजे अर्धे कपडे काढायचे, मग खोली लागणारच ना. तिची लाज निम्मी शिंप्याने शिवलेली आहे.

पण खोलीला मी नको म्हणणार नाही. हिरकणीची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची, दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, आणि खाली तान्हं भुकेलं म्हणून ती तो कडा उतरली असं सांगतात. तिच्या नावाने एसटी स्टँडवर कक्ष झाले हे फार चांगलं झालं. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरला विधानभवनात आल्या तेव्हा तिथे हिरकणी कक्ष करावा लागला, आणि पुढच्याच अधिवेशनात मुंबईला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की इथल्या कक्षात धूळ आहे, बाळाला ठेवू कुठे. आमदाराची ही गत तर कुलूप लावून आत झाडू-बादल्या ठेवलेल्या स्टँडवरच्या खोलीची काय सांगायची. ज्या मुलीला टाके दुखतायत, जिचं बाळ नीट धरत नाहीये, जिला एकटं बसायचंय, तिला ती खोली स्वच्छ आणि उघडी मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की खोली झाली म्हणून बाकीच्यांनी बाकावर पाजायचं नाही असं कुणी म्हणू नये. मॉलमधल्या त्या पुण्याच्या मुलीला नेमकं तेच ऐकावं लागलं ना, जा आत जा.

नातसुनेला रागावू नका आजी. पुढच्या वेळी पाहुणे आले आणि ती उठायला लागली की तिचा हात धरून तुमच्या शेजारी बसवा, तुमचा पदर तिच्या खांद्यावर टाका आणि पाहुण्यांशी तुमच्या गप्पा चालू ठेवा. तुम्ही बसलात की कुणाची मान वर करायची हिंमत नाही. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती आपणहून बसेल. आणि एक काम करा, ती गाठीची चोळी कशी शिवायची, कापड किती, गाठ कुठे येते, ते कुणाकडून तरी नीट लिहून आणि जमलं तर कागदावर काढून मला पाठवा, पुढच्या अंकात छापते, बऱ्याच जणी शिंप्याकडे घेऊन जातील.